समुपदेशक काही सांगतच नाहीत, नुसतं विचारतात!

घरातल्या कोणाची दारू सुटावी, तंबाखू सुटावी, निदान मधुमेहाचं पथ्य तरी पाळलं जावं म्हणून त्याला समुपदेशकाकडे नेलं, की बाहेर बाकावर बसलेल्या बायकोची किंवा आईची एकच अपेक्षा असते. आतल्या माणसाने त्याला नीट समजवावं. ‘आमचं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल.’ पाऊण तासाने तो बाहेर येतो. काय सांगितलं, असं विचारलं तर म्हणतो, ‘काही नाही. दारूतलं काय आवडतं, ते विचारत होते.’ मग घरच्यांचा पारा चढतो. हा काय प्रश्न झाला? रजा टाकून, पैसे खर्चून आलो आणि यांनी त्याला एक शब्दही सुनावला नाही!

तक्रार अगदी समजण्यासारखी आहे. ज्या घराने वर्षानुवर्षं सोसलं आहे, त्याला हा प्रश्न जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटणारच. पण तो चुकून किंवा वेळ घालवायला विचारलेला नसतो. त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांचा अभ्यास आहे आणि त्या पद्धतीला नाव आहे : मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. प्रशिक्षणांत आणि दवाखान्यांत सगळे तिला ‘एमआय’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. बदल करावा की करू नये, यात अडकलेल्या माणसाच्या मनात बदलाची जी कारणं आधीपासून असतात, ती त्याच्याच तोंडून बाहेर यावीत यासाठीची ही बोलण्याची रीत. सुरुवात दारूपासून झाली. पुढे तंबाखू, जुगार, वजन, रक्तदाबाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या वेळेवर घेणं, अशा अनेक ठिकाणी ती पोहोचली.

कळत नाही, असं नसतं

‘समजवा’ म्हणताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो : याला कळत नाही. कळलं की सोडेल.

पण तंबाखूच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर २०१६ पासून कर्करोगाचं चित्र आणि इशारा असतो. पाकीट फोडणाऱ्याने ते शेकडो वेळा पाहिलेलं असतं. प्रौढांच्या तंबाखू सेवनाची २०१६-१७ मध्ये देशभर पाहणी झाली. देशात २८.६ टक्के आणि महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देशातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि तंबाखू खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक सोडण्याचा विचार करत होते किंवा बेत आखत होते. म्हणजे ज्याला आपण ‘ऐकतच नाही’ म्हणतो, त्याच्या मनात आपलंच म्हणणं बहुतेकदा आधीच येऊन बसलेलं असतं. त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी बसलेलं असतं : हवंहवंसं वाटणं, सवय, मित्र, न जमण्याची भीती.

एकाच वेळी ‘सोडावं’ आणि ‘राहू दे’ असं दोन्ही खरंखुरं वाटणं म्हणजे द्विधा. हा आजार नाही, ढोंग नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही. नोकरी बदलताना, लग्न ठरवताना, गाव सोडताना आपण सगळेच यातून जातो. व्यसनात माणूस या अवस्थेत वर्षानुवर्षं रुतून बसतो, एवढाच फरक. एमआय याच रुतलेल्या माणसासाठी आहे.

आग्रह केला की ताटावर हात

पंगतीत काय होतं आठवा. यजमान पोळी घेऊन येतात, ‘घ्या हो एक, घ्याच.’ पाहुणा ताटावर हात आडवा धरतो. यजमान आणखी रेटतात, पाहुण्याचा हात आणखी घट्ट. त्या क्षणी पाहुण्याला भूक आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. हात आता पोळीला अडवत नसतो, आग्रहाला अडवत असतो. तोच यजमान पोळ्यांचा डबा जवळ ठेवून गप्पा मारत बसला तर पाहुणा थोड्या वेळाने स्वतःच हात पुढे करतो.

समुपदेशनाच्या खोलीत हेच घडतं, फक्त पणाला लागलेलं असतं ते आयुष्य. द्विधेतल्या माणसाच्या आत दोन्ही बाजू बोलत असतात. समोरच्याने ‘सोडा’ ही बाजू घेतली की त्याच्यासाठी एकच बाजू शिल्लक राहते. तो ‘राहू दे’ची वकिली करू लागतो. आणि माणूस जे स्वतःच्या तोंडून चार वेळा ऐकतो, त्यावर त्याचा विश्वास वाढत जातो. आपल्या निवडीवर कोणी गदा आणतंय असं वाटलं की ती निवड जास्तच प्यारी होते, हे जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच मांडलं होतं.

हे प्रत्यक्ष तपासूनही झालं आहे. पॅटरसन आणि फोरगॅच या संशोधकांनी १९८५ मध्ये मुलांच्या वागण्याबद्दल मदत मागायला आलेल्या पालकांबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. थेरपिस्टने एकाच बैठकीत काही वेळ शिकवायचं आणि चुका दाखवायच्या, मग ते थांबवून आधार देत बोलायचं, मग पुन्हा शिकवायचं. शिकवणं सुरू झालं की पालकांचा विरोध वाढायचा, थांबलं की उतरायचा. तीच माणसं, तीच बैठक. ‘हा माणूस हट्टी आहे’ असं आपण सहज म्हणतो, पण त्या हट्टाचा मोठा वाटा आपल्या बोलण्यातून तयार झालेला असू शकतो. या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी आणि म्हणूनच सगळ्यात उपयोगाची गोष्ट माझ्या मते हीच.

पुढे १९९३ मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या एका अभ्यासात ४२ मद्यपींशी समुपदेशक कसे बोलले हे नोंदवलं गेलं. समुपदेशकाने जितक्या वेळा आरोपाच्या सुरात तोंडावर सुनावलं, तितकी त्या माणसाची वर्षभरानंतरची दारू जास्त होती.

पद्धत आली कुठून

हा अभ्यास करणारे विल्यम मिलर न्यू मेक्सिकोतच शिकवत. अमेरिकेतल्या व्यसनमुक्तीत तेव्हा एक समज पक्का होता : व्यसनी माणूस वास्तव नाकारतो, म्हणून त्याचा नकार फोडल्याशिवाय उपचार नाही. काही ठिकाणी तर गटात उभं करून त्याला अक्षरशः सोलून काढत. १९८२ मध्ये मिलर काही काळासाठी नॉर्वेतल्या बर्गनला गेले. तिथल्या तरुण मानसशास्त्रज्ञांनी त्यांना एखाद्या रुग्णाशी कसं बोलाल ते करून दाखवायला सांगितलं आणि मध्येमध्ये थांबवून विचारलं, हाच प्रश्न का? त्याच्या बोलण्यातला हाच शब्द का उचललात, तो का नाही? उत्तरं देता देता, आपण न कळत कोणते नियम पाळतो आहोत ते मिलर यांनाच दिसू लागलं. १९८३ मध्ये त्यावर लेख आला. पुढे वेल्समध्ये काम करणारे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून १९९१ मध्ये पद्धतीची सविस्तर मांडणी केली. मूळ धागा मात्र त्याआधीचा. समोरच्याला न तोलता मनापासून ऐकून घेणं हाच उपचाराचा पाया, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी आधीच सांगितलं होतं. मिलर-रोलनिक यांनी त्या ऐकण्याला दिशा दिली.

खोलीत नेमकं काय होतं

खालचा संवाद मी समजण्यासाठी रचला आहे. दत्ताभाऊ ४१ वर्षांचे, नागपूरचे, मालवाहू टेम्पो चालवतात. दिवसाला सात-आठ पन्न्या (पुड्या) खर्रा लागतो. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेलं मिश्रण. दाताच्या डॉक्टरांनी पाठवलंय. आधी नेहमीची रीत :

– खर्रा सोडा दत्ताभाऊ. कॅन्सर होतो, माहीत आहे ना?

– माहीत आहे जी. पण आमचे आजोबा म्हातारे होईस्तोवर खात होते, काही नाही झालं.

– सगळ्यांचं नशीब तसं नसतं. बायको-पोरांचा विचार करा.

– त्यांच्यासाठीच तर गाडी चालवतो. रात्री खर्रा नसला तर डोळा लागतो, एखाद दिवशी ठोकीन कुठंतरी.

– मग लवंग ठेवा, चणे ठेवा.

– ठेवून पाहिले. नाही जमत.

समुपदेशकाचं एकही वाक्य खोटं नाही, हेतूही चांगला. पण दत्ताभाऊंनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा न सोडण्याचं कारण सांगितलं. आले होते त्यापेक्षा जास्त ठाम होऊन ते परत गेले. आता दुसरी रीत :

– डॉक्टरांनी तुम्हाला इकडे पाठवलं. येताना तुमच्या मनात काय होतं?

– खरं सांगू? नव्हतं यायचं. पुन्हा कोणी लेक्चर देईल.

– लेक्चर ऐकून कंटाळलात.

– तर काय. घरी तेच, दवाखान्यात तेच.

– मग ते राहू दे. मला सांगा, खर्र्याने तुमचं काय काम होतं?

– झोप उडते ना. रात्री माल घेऊन अकोल्याला निघालो की तोच सोबतीला. अन् चौकात चार जण असतात, खर्रा घोटला की एकमेकाला देतो.

– गाडीवर सोबत, आणि चौकात चार माणसांत बसायचं निमित्त.

– हो. … पण आता तोंड नाही उघडत पहिल्यासारखं.

– नाही उघडत.

– डॉक्टरांनी बोटं घालून पाहायला सांगितलं. तीन बोटं उभी जायची, आता दोनच जातात. अन् तिखटाची आग होते. घरी सावजी रस्सा झाला की मला वेगळा वरण-भात. पोरगी म्हणते, बाबा, तुम्ही आमच्यात जेवतच नाही.

– पोरीने ते टिपलं, आणि तुम्हाला लागलं.

– लागणारच ना जी.

हा संवाद जरा जवळून बघू. ‘खर्र्याने तुमचं काय काम होतं?’ हाच तो घरच्यांना खटकणारा प्रश्न. तो विचारला की माणसाला बचाव करायची गरज उरत नाही. त्याची ‘राहू दे’ ही बाजू कोणीतरी ऐकून घेतली, मान्य केली. आणि मग ‘पण’ त्याच्या तोंडून आला. पहिल्या संवादातला ‘पण’ खर्र्याच्या बाजूचा होता, दुसऱ्यातला खर्र्याच्या विरोधात.

दत्ताभाऊंनी तोंड उघडत नसल्याचं सांगितलं, तो क्षण फार नाजूक होता. ‘बघा, तेच सांगतोय मी!’ हे वाक्य कोणाच्याही जिभेवर येईल. ते आलं असतं तर पुढची पोरगी आलीच नसती. समुपदेशकाने फक्त त्यांचे दोन शब्द परत दिले आणि थांबला. शेवटी ‘तुम्हाला लागलं’ हे तर दत्ताभाऊ बोललेच नव्हते. तो समुपदेशकाचा अंदाज होता, प्रश्न म्हणून न विचारता सरळ वाक्य म्हणून ठेवलेला. समोरच्याच्या बोलण्यामागचा अर्थ असा त्याच्यासमोर परत ठेवणं हे एमआयमधलं सगळ्यात कठीण कौशल्य. अंदाज चुकला तर माणूस दुरुस्त करतो, बरोबर आला तर आणखी आत जातो.

याशिवाय हो-नाहीत उत्तर न संपणारे प्रश्न, माणसाने खरोखर केलेल्या गोष्टीची दखल आणि मधूनमधून त्याचं बोलणं एकत्र गुंफून त्याला ऐकवणं, एवढीच बाकीची अवजारं. ती ऐकायला सोपी आहेत. वापरायला नाहीत.

पुढे समुपदेशक एक मोजपट्टी काढतो :

– शून्य ते दहामध्ये सांगा, खर्रा सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे?

– सहा असेल.

– सहा. तीन का नाही म्हणालात?

– तीन कसं म्हणू? पोरगी बारावीला आहे. मी पडलो तर घर कोण पाहील?

इथे सगळी मेख उलट्या प्रश्नात आहे. ‘दहा का नाही?’ असं विचारलं असतं तर दत्ताभाऊंनी पुन्हा अडचणींची यादी वाचली असती. ‘तीन का नाही?’ विचारलं की उत्तर आपोआप बदलाच्या बाजूने येतं. मग दुसरी मोजपट्टी : ठरवलंच तर जमेल याची खात्री किती? ‘तीन.’ एक का नाही? ‘मागच्या नवरात्रात नऊ दिवस बंद ठेवला होता.’

– नऊ दिवस. आणि गाडी चालूच होती.

– हो, चालूच होती.

‘शाब्बास’ म्हणण्यापेक्षा हे वाक्य कितीतरी मोठं आहे. खर्र्याशिवाय गाडी चालवता येत नाही हा दत्ताभाऊंचा पक्का समज होता, आणि तो खोडून काढणारा पुरावा त्यांनीच दिला.

कान कशावर ठेवायचा

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की समुपदेशक नुसता ऐकतोय. तसं नसतं. दिवसभरात माणूस शंभर गोष्टी बोलतो. त्यातली कोणती वाक्यं बदलाच्या दिशेची आहेत आणि कोणती आहे तिथेच राहण्याची, हे समुपदेशक निवडत असतो. ‘कंटाळा आलाय याचा’, ‘मनात आणलं तर सोडू शकतो’, ‘पोरीसाठी सोडायला पाहिजे’ ही पहिल्या प्रकारची. असं वाक्य आलं की तो तिथे थांबतो, आणखी सांगा म्हणतो. दुसऱ्या प्रकारचं आलं की त्याच्याशी वाद घालत नाही, ऐकल्याची पोच देतो आणि पुढे जातो.

बदलाच्या वाक्यांतही फरक असतो. ‘सोडायला पाहिजे’ हे अजून उंबरठ्याच्या आतलं वाक्य. ‘सोमवारी सकाळी पन्नी घेणार नाही, बायकोला सांगून ठेवतो’ हे बाहेर पाऊल टाकणारं. भाषा-मानसशास्त्रज्ञ पॉल अॅम्रेन आणि सहकाऱ्यांनी अमली पदार्थांच्या व्यसनींच्या बैठकांचं बोलणं वाक्यागणिक तपासून २००३ मध्ये दाखवलं की बैठक संपेपर्यंत बांधिलकीची भाषा ज्यांची जोमाने वाढत गेली, ते पुढे जास्त प्रमाणात व्यसनापासून दूर राहिले.

अशी वाक्यं येऊ लागली की मनं उकरणं थांबवून बेताकडे वळायचं : कधी, कसं, कोण सोबत, खर्र्याची तलफ आली तर काय. दत्ताभाऊंच्या बाबतीत तोंड न उघडणं ही सुपारीमुळे होणारी, पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारी अवस्था आहे, त्यामुळे दंतवैद्याची तपासणी चालूच राहायला हवी. तलफ आवरायला निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्यांसारखी औषधंही मिळतात. एमआय हे काही सगळं औषध नव्हे. उपचारांचं दार उघडण्याचं काम मात्र ते चांगलं करतं.

म्हणजे माहिती द्यायचीच नाही का?

द्यायची. फक्त आधी विचारून. ‘सोडल्यावर पहिल्या दिवसांत काय होतं, तुम्हाला काय माहीत आहे?’ मग, ‘मी थोडं सांगू का?’ मग नेमकं, थोडक्यात : चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं हे पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतं आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. आणि शेवटी पुन्हा चेंडू त्याच्याकडे : ‘हे ऐकून काय वाटतं?’ अशी परवानगी मागायला अर्धं मिनिटही लागत नाही. गर्दीच्या ओपीडीतला डॉक्टरसुद्धा एवढं करू शकतो.

हे गोड बोलून वळवणं नाही का?

हा आक्षेप मला गंभीर वाटतो. कोणती वाक्यं उचलून धरायची हे समुपदेशक ठरवतो, म्हणजे तो दिशा देतो हे उघड आहे. पण जे माणसाच्या मनात नाहीच, ते या पद्धतीने काढता येत नाही. दत्ताभाऊंना पोरीचं बोलणं लागलंच नसतं तर त्यावर कितीही थांबून काही निघालं नसतं. आणि शेवटचा निर्णय त्याचा, हे समुपदेशकाला मनापासून मान्य असावं लागतं. त्याने खरोखर ‘नाही सोडायचं’ म्हटलं, तर दार उघडं ठेवून तेही स्वीकारावं लागतं.

म्हणूनच याला कुंपण आहे. ज्यात समुपदेशकाचा स्वतःचा फायदा आहे, तिथे ही साधनं वापरायची नाहीत. विकायला, वर्गणी काढायला, करारावर सही घ्यायला तर अजिबात नाहीत. घटस्फोट घ्यावा का, भावाला किडनी द्यावी का, मूल होऊ द्यावं का, अशा प्रश्नांत कोणती बाजू बरोबर हे समुपदेशकाने ठरवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे त्याने दोन्ही बाजूंना सारखं ऐकायचं, कोणत्याही एका बाजूला पाणी घालायचं नाही.

आपल्या लोकांना सांगणाराच लागतो

‘डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करू’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं. त्यामुळे हे गोऱ्या लोकांचं खूळ आहे, आपल्याकडे चालणार नाही, असं अनेकांना वाटतं. याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालं आहे.

‘संगत’ या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, ज्यांची दारू तब्येतीला हानी करण्याच्या टप्प्यावर पोहोचली होती अशा ३७७ पुरुषांबरोबर चाचणी घेतली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्यांना डॉक्टरांकडून मिळणारे थोडे सुधारित नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्यासोबत एमआयवर बेतलेल्या समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका, प्रत्येकी अर्ध्या ते पाऊण तासाच्या. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं कोणतंही व्यावसायिक शिक्षण नसलेली साधी माणसं प्रशिक्षण देऊन तयार केली होती.

तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के जण धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या १४ दिवसांत दारूला अजिबात न शिवलेले ४२ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. वर्षभराने पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. हेही सांगायला हवं की जे पीत राहिले, त्यांच्या पिण्याच्या प्रमाणात तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

‘तुम्हीच सांगा’ म्हणणाऱ्या माणसाला सल्ला नको असतो असं माझं म्हणणं नाही. पण तोच माणूस घरी जाऊन त्या सल्ल्याचं काय करतो, हे औषधाच्या अर्ध्या भरलेल्या पट्ट्या सांगतात.

चार गोड बैठकांत सुटतं का सगळं?

नाही. परिणाम खरा आहे, पण माफक आहे. अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ या मोठ्या अभ्यासात १,७२६ मद्यपींना तीनपैकी एक उपचार मिळाला. दोन उपचार १२-१२ बैठकांचे होते, तिसरा एमआयवर आधारलेला आणि फक्त ४ बैठकांचा. १९९७ मध्ये निकाल आला तेव्हा तिघांचा परिणाम जवळपास सारखा निघाला. म्हणजे एमआय बाकीच्यांना मागे टाकत नाही. कमी वेळात त्यांच्या बरोबरीला येतं. जिथे हजारो रुग्णांमागे एक समुपदेशक आहे, तिथे याची किंमत फार मोठी आहे. त्याच अभ्यासात, मनात राग घेऊन आलेल्या लोकांना याचा जास्त फायदा झाल्याचं दिसलं.

दुसरी मर्यादा समुपदेशकाची. दोन दिवसांची कार्यशाळा करून ‘मला एमआय येतं’ म्हणणारे पुष्कळ आहेत. मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये १४० व्यावसायिकांवर हेच तपासलं. नुसत्या कार्यशाळेने आलेलं कौशल्य काही महिन्यांत ओसरलं. ज्यांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून नंतर कोणीतरी त्यांना दुरुस्त करत राहिलं, त्यांचं टिकलं. संस्था प्रशिक्षणावर खर्च करतात आणि नंतरच्या या ऐकण्या-सुधारण्यावर करत नाहीत. यात बदल व्हायला हवा असं मला फार वाटतं.

कुठे वापरू नये

जो माणूस ‘ठरलंय माझं, कसं सोडू ते सांगा’ म्हणत आला आहे, त्याला पुन्हा ‘का सोडावंसं वाटतं’ विचारत बसलात तर तो वैतागेल. त्याच्याबरोबर थेट बेत आखावा.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली आणि हात थरथरू लागले, घाम फुटला, फिट आली, नसलेलं दिसू लागलं, तर ते बोलायचं काम नाही. तातडीने रुग्णालय गाठावं, त्यात जिवाला धोका असतो. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणारा माणूस आणि घरात मार खाणारी बाई, यांच्याबाबतीत आधी सुरक्षितता. बाकी सगळं नंतर.

घरच्यांनी काय करायचं

तुम्ही समुपदेशक व्हावं अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तुम्ही त्या माणसाचे बळी ठरलेले आहात, तटस्थ ऐकणं तुमच्याकडून मागणंच अन्यायाचं आहे. पण एक गोष्ट घरीही जमू शकते : तो पिऊन आलेला असताना बोलायचं नाही, आणि शुद्धीत असताना स्वतःहून ‘आता कमी केली पाहिजे’ असं काही म्हणाला तर ‘किती वेळा ऐकलंय हे!’ याऐवजी ‘आज असं का वाटलं?’ एवढंच विचारून थांबायचं. कठीण आहे, मला माहीत आहे.

समुपदेशकाकडे येण्यालाच नकार देणाऱ्यांसाठी, घरच्यांनाच शिकवणारी एक वेगळी पद्धत न्यू मेक्सिकोतच विकसित झाली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून क्राफ्ट म्हणतात. शुद्धीतल्या वागण्याला प्रतिसाद देणं, पिण्याचे परिणाम त्याच्या वतीने न निस्तरणं आणि स्वतःचं आयुष्य सांभाळणं यात शिकवतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात क्राफ्ट शिकलेल्या घरांतली ६४ टक्के माणसं उपचाराला आली. सगळ्या नातेवाइकांनी मिळून घेरून सुनावण्याचं शिक्षण घेतलेल्या घरांत हा आकडा ३० टक्के होता.

समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीतच विचारा : तुम्ही त्याच्याशी कसं बोलणार, आणि आमच्याशी वेगळं बोलाल का? चांगला समुपदेशक घरच्यांसाठी वेगळी वेळ काढतो आणि आत काय चाललं आहे याची रीत, त्या माणसाची गुपितं न फोडता, समजावतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर तंबाखूसाठी १८००-११-२३५६, दारू आणि इतर नशेसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. फोन व्यसन असलेल्यानेच करायला हवा असं नाही, घरच्यांनीही करावा.